बधिर पाऊल : महाराष्ट्रातील कुष्ठसेवेचा इतिहास आणि पायांच्या बधिरतेवरील उपचार

सारांश

पायांची जळजळ, मुंग्या व बधिरता या तक्रारी आज प्रामुख्याने मधुमेहाशी जोडल्या जातात. तथापि बधिर पावलाला जखम का होते, ती का भरत नाही आणि ती कशी टाळता येते, याविषयीचे व्यावहारिक ज्ञान भारतात मुख्यतः कुष्ठरुग्णांच्या सेवेतून घडले. या ज्ञानाच्या जडणघडणीत महाराष्ट्रातील संस्था, शास्त्रज्ञ व कार्यकर्ते यांचा मोठा वाटा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात इ.स. १८९० पासूनच्या या इतिहासाचा आढावा घेतला असून, कुष्ठसेवेतून मिळालेला हा वारसा मधुमेही रुग्णांपर्यंत पोहोचणे का आवश्यक आहे, याची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : कुष्ठरोग, बधिरता, मज्जातंतू, पादव्रण, मधुमेह, पादत्राण.

१. प्रास्ताविक

ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील कात्रप हे एकेकाळी भातशेतीचे गाव होते. आज ते बदलापूर पूर्वेचे दाट वस्तीचे उपनगर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. अनवाणी पायांनी चिखलणी करणारा शेतकरी आणि पहाटेच्या लोकलने मुंबई गाठून दिवसभर उभ्याने काम करणारा नोकरदार, ही या परिसराच्या दोन पिढ्यांची चित्रे होत. दोघांच्याही आयुष्याचा भार पावलांवरच राहिला आहे.

अशा वस्तीतील मध्यमवयीन माणूस ‘पायांची आग होते’, ‘मुंग्या येतात’, ‘चप्पल पायातून केव्हा निसटली ते कळत नाही’ असे सांगू लागतो, तेव्हा घरातील मंडळी बहुधा तेल चोळणे, गरम पाण्यात पाय बुडवणे किंवा ताकदीच्या गोळ्या घेणे असे उपाय सुचवतात. यांतील गरम पाण्याचा उपाय बधिर पायाला घातक ठरू शकतो, कारण पाणी किती गरम आहे हे सांगणारी संवेदनाच तेथे उरलेली नसते. हा धोका वैद्यकाला ज्या रुग्णांनी शिकवला, त्यांना समाजाने दीर्घकाळ गावकुसाबाहेर ठेवले होते. म्हणूनच बधिर पावलाच्या उपचारांचा इतिहास हा वैद्यकाबरोबरच सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो.

२. प्राचीन वैद्यकातील नोंदी

पायांच्या या तक्रारी भारतीय वैद्यकाला नवीन नाहीत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या विवेचनात ‘पाददाह’ व ‘पादहर्ष’ या दोन विकारांचा स्वतंत्र निर्देश आहे. पहिल्यात पावलांची आग होते, तर दुसऱ्यात पावले झिणझिणतात व बधिर होतात. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये हातापायांच्या दाहाचा उल्लेख येतो. चरकसंहितेत त्याच संदर्भात ‘सुप्तता’ म्हणजे बधिरताही नोंदवलेली आहे. कुष्ठाच्या वर्णनातही स्पर्शज्ञान नष्ट होणे हे लक्षण सांगितले आहे.

उपचारांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील मधुमेहविषयक अध्यायात तुवरक तेलाचा विधी येतो आणि तो कुष्ठ व मधुमेह या दोन्ही विकारांसाठी सांगितलेला आहे. तुवरक म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात आढळणारे कडू कवठ. याच कुळातील बियांचे तेल ‘चालमुगरा’ या नावाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कुष्ठरोगावरील प्रमुख औषध होते. प्राचीन ग्रंथकारांना जंतू वा रक्तातील साखरेचे मोजमाप यांची आजची कल्पना नव्हती, हे उघड आहे. तरीही हे दोन रोग एकाच अध्यायात शेजारी यावेत, हा योगायोग पुढील इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

३. आश्रयगृहांचा कालखंड

१८७३ मध्ये नॉर्वेतील गेरहार्ड हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू दाखवून दिला. रोग सांसर्गिक आहे हे समजल्यावर उपचारांऐवजी प्रथम विलगीकरणाला जोर आला. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा-वडाळा परिसरात बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयगृह सुरू झाले. हेच पुढे ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठी वाचकांना ॲकवर्थ हे नाव शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळेही परिचित आहे. १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक कायद्याने निराधार रुग्णांना पकडून आश्रयगृहात ठेवण्याचा अधिकार शासनयंत्रणेला दिला.

या कालखंडात रुग्णाला अन्न, निवारा व मलमपट्टी मिळत असे. चालमुगरा तेलाची टोचणी दिली जात असे, पण ती अत्यंत वेदनादायक होती व तिचा गुण अनिश्चित होता. पायाच्या जखमा हा रोगाचा अटळ भाग समजला जाई. ‘महारोगात हातपाय झडतात’ ही लोकसमजूत सर्वत्र प्रचलित होती आणि वैद्यकीय व्यवहारही तिच्यापासून फारसा दूर नव्हता. मांस आतूनच सडते असे गृहीत धरल्यावर जखम टाळण्याचा विचार सुचण्याचे कारणच उरत नव्हते.

राष्ट्रीय चळवळीच्या काळात या कार्याला नवे वळण मिळाले. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे केंद्र उभारले. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री यांची स्वहस्ते शुश्रूषा केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवनाची स्थापना केली. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनाचा प्रारंभ झाला. या सर्व संस्थांनी रुग्णाला दयेचा विषय न मानता श्रम करणारा माणूस मानले. या भूमिकेचा एक वैद्यकीय परिणामही होता. ज्याला संवेदना नाही असा हात कुदळ धरू लागला आणि असे पाऊल शेतात चालू लागले, म्हणजे त्यांच्या रक्षणाचा प्रश्न टाळता येणे शक्य नव्हते.

४. मज्जातंतूंकडे वळलेली दृष्टी

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर दोन दिशांनी आले. पहिली दिशा विकृतिशास्त्राची होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ व पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातून त्वचेतील बारीक मज्जातंतूंना रोगाच्या अगदी प्रारंभी बाधा होते, ही बाब ठळकपणे पुढे आली. कुष्ठरोग त्वचेवर दिसत असला तरी तो मुळात मज्जातंतूंचा रोग आहे, या आकलनाला त्यामुळे बळ मिळाले.

दुसरी दिशा शल्यचिकित्सेची होती. तामिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये रुजू झाले. ज्यांची बोटे आखूड झाली होती अशा रुग्णांच्या दैनंदिन हालचालींचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने निरीक्षण केले. गरम भांडे उचलताना झालेला भाजल्याचा व्रण, अवजाराच्या दांड्याने सोललेला तळवा, झोपेत उंदरांनी कुरतडलेली बोटे अशी प्रत्येक इजेची कारणे त्यांना सापडत गेली. बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे दुर्लक्षित राहिलेल्या इजा व त्यांतून होणारा जंतुसंसर्ग यांमुळे ती थोडीथोडी झिजतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

पावलाच्या बाबतीत हा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा ठरला. घोट्याच्या आतील बाजूने तळव्याकडे जाणारी नस निकामी झाली की तळवा बधिर होतो, त्याला घाम येणे थांबते व त्वचा कोरडी पडून भेगाळते. पावलातील लहान स्नायू दुर्बळ झाल्याने बोटे वाकडी होतात आणि चालताना शरीराचा भार ठरावीक जागीच पडू लागतो. निरोगी माणूस एका जागी टोचू लागले की नकळत चाल बदलतो किंवा थांबतो. बधिर पायाचा माणूस मात्र त्याच जागेवर हजारो पावले टाकत राहतो. खिळा वा काच यांच्याइतकाच हा रोजचा साधा दाबही पादव्रणाला कारणीभूत होतो, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

५. प्लास्टर, पादत्राण व शस्त्रक्रिया

कारण समजताच उपचारांचे स्वरूप पालटले. पादव्रणावर निरनिराळी मलमे लावण्यापेक्षा त्यावरील भार काढणे निर्णायक आहे, हे ध्यानात आले. पावलाला सर्व बाजूंनी नीट बसणारे प्लास्टर घातल्यास भार तळव्यावर विभागला जातो आणि अनेक महिने न भरलेली जखम काही आठवड्यांत भरून येते, असा अनुभव आला. जखम भरल्यावर ती पुन्हा होऊ नये म्हणून सूक्ष्मछिद्रयुक्त रबराची, म्हणजेच ‘एमसीआर’ची चप्पल तयार करण्यात आली. तिचा आतला थर मऊ व तळ कठीण असतो. ती शिवून वा चिकटवून बनवतात, खिळे वापरत नाहीत. बधिर पायातून ती नकळत निसटू नये म्हणून मागे पट्टा असतो. साध्या दिसणाऱ्या या चपलेची प्रत्येक बाब रुग्णांच्या जखमांवरून ठरलेली आहे.

महाराष्ट्रात या कार्यात डॉ. नोशीर अंतिया यांचे स्थान महत्त्वाचे आहे. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण घेऊन परतल्यावर १९५० च्या दशकात त्यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू केल्या व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. कुष्ठरुग्णांवरील शस्त्रक्रिया सर्वसाधारण रुग्णालयात व्हाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९७५ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेत मज्जातंतूंच्या हानीवर संशोधन झाले. लुळे पडलेले पाऊल उचलता यावे यासाठी पोटरीतील चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून पावलाच्या वरच्या बाजूस जोडण्याची शस्त्रक्रियाही या काळात रूढ झाली. तिने चाल सुधारते, पण गेलेली संवेदना परत येत नाही. हा फरक रुग्णाला समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला गेला.

६. औषधांचे यश व त्याची मर्यादा

सल्फोन वर्गातील औषधांमुळे १९४० च्या दशकात प्रथमच कुष्ठरोगावर परिणामकारक औषधोपचार उपलब्ध झाला आणि पुढे डॅप्सोनच्या गोळ्या स्वस्त व सर्वत्र वापरण्याजोग्या ठरल्या. १९५१ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. र. वि. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री विकसित केली. तिच्यामुळे कार्यकर्ता रुग्णाच्या घरी पोहोचू लागला. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मुंबईत १९७६ मध्ये डॉ. आर. गणपती यांनी स्थापन केलेल्या ‘बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट’ने झोपडपट्ट्यांमधून घरपोच सेवेचा प्रयोग केला. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू आढळू लागल्यावर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. १९८३ पासून भारतातील कार्यक्रमाला ‘निर्मूलन’ हे नाव मिळाले. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवरील रोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकापेक्षा खाली आले.

हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु औषधाने जंतू मरतो, तुटलेली नस त्यामुळे सांधली जात नाही. किंबहुना उपचार चालू असताना वा संपल्यावरही शरीराची प्रतिक्रिया उसळून नसेला सूज येऊ शकते. अशा वेळी नस दुखते, हाताला जाड लागते व थोड्याच अवधीत बधिरता वाढते. हानी सहा महिन्यांच्या आतील असल्यास प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइड औषधांनी संवेदना पुष्कळदा काही अंशी परत मिळते. त्यानंतर ती शक्यता झपाट्याने कमी होते. म्हणून नसेचे दुखणे ही कुष्ठसेवेत तातडीची बाब समजली जाते. कार्यकर्त्याने साध्या बॉलपेनच्या टोकाने तळव्याची संवेदना नियमितपणे तपासावी, ही पद्धत याच हेतूने रुजली. बरे झालेल्या पण बधिर पावलांच्या व्यक्तींना पाय रोज तपासणे, कोरडी त्वचा पाण्यात मऊ करून घासणे आणि तेल लावणे ही स्वसेवा शिकवली जाते.

७. कुष्ठरोगाकडून मधुमेहाकडे

डॉ. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. भारतात बधिर पावलांसाठी वापरलेली प्लास्टर व पादत्राणांची पद्धत तेथे मधुमेही रुग्णांनाही लागू करण्यात आली. मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमांचे खापर तोवर केवळ मंदावलेल्या रक्ताभिसरणावर फोडले जात असे. संवेदना गेल्यामुळे होणारी इजा हे त्यांचेही एक प्रमुख कारण आहे, हे कुष्ठरुग्णांच्या अनुभवावरून ओळखता आले. १९८६ मध्ये कारव्हिल येथील संशोधकांनी कुष्ठरोग व मधुमेह अशा दोन्ही गटांतील रुग्णांची पावले नायलॉनच्या तंतूंनी तपासली. दहा ग्रॅम भाराला वाकणारा तंतू ज्याला तळव्यावर जाणवत नाही, त्याचे पाऊल असुरक्षित समजावे, असा निकष त्यातून पुढे आला. जगभरच्या मधुमेह चिकित्सालयांत आज हीच चाचणी केली जाते.

मधुमेही पावलाची एक निराळी अडचण मात्र ध्यानात घ्यावी लागते. येथे बधिरतेबरोबर वेदनाही असू शकते. तळव्यांची आग, सुया टोचल्याची जाणीव आणि रात्री पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणे, अशा तक्रारींवर अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन ही औषधे वापरली जातात. त्यांनी अनेक रुग्णांची वेदना सुसह्य होते. मात्र गुंगी, चक्कर यांसारखे दुष्परिणाम संभवत असल्याने वृद्धांमध्ये मात्रा जपून वाढवावी लागते. यांपैकी कोणतेही औषध गेलेली संवेदना परत आणत नाही. आग थांबली म्हणजे पाय बरा झाला, असा समज झाल्यास पाऊल अधिकच असुरक्षित होते.

मूळ कारणावरील उपाय म्हणजे रक्तातील साखरेचे नियंत्रण. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, बालपणी वा तरुणपणी जडणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काटेकोर नियंत्रणाने मज्जातंतूंच्या विकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात हा लाभ तुलनेने कमी आढळतो. तसेच प्रत्येक बधिरता मधुमेहाचीच असते असेही नाही. शाकाहारी आहार वा मेटफॉर्मिनचे दीर्घ सेवन यांमुळे ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी पडणे, मद्यपान, थायरॉइडचे विकार, क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध, पाठीच्या कण्यातील दबलेली नस आणि खुद्द कुष्ठरोग ही कारणेही तपासावी लागतात. यांतील काहींवर वेळीच इलाज केल्यास सुधारणा होते. म्हणून ‘ताकदीची गोळी’ घेण्यापूर्वी निदान होणे महत्त्वाचे आहे.

८. वारशाची आजची स्थिती

पुढे कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. रोग संपला, असा समज त्यामुळे पसरला. वास्तविक देशात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण आढळतात. दुसरीकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. बधिर पावलांची संख्या घटण्याऐवजी वाढणार, हे यावरून स्पष्ट होते.

अशा वेळी नसेची तपासणी करणारा अनुभवी कार्यकर्ता व एमसीआर चप्पल बनवणारा कारागीर यांचे कौशल्य दुर्मीळ होत जाणे ही चिंतेची बाब आहे. दुसरा अडथळा मानसिक आहे. ही चप्पल ‘महारोग्याची चप्पल’ म्हणून ओळखली गेली. त्या ओळखीच्या भीतीने अनेक कुष्ठमुक्त व्यक्तींनीही ती घालणे टाळले. मधुमेही रुग्ण तर तिच्याकडे वळण्यास आणखी कचरतो. रोगाला चिकटलेला कलंक अशा रीतीने त्या रोगातून मिळालेल्या ज्ञानालाही चिकटला आहे. त्याची किंमत आज ज्याला कुष्ठरोग झालेलाच नाही, असा रुग्णही पाऊल गमावून मोजतो.

हा वारसा जसाच्या तसा उचलता येणार नाही, हेही खरे. मधुमेहात रक्तवाहिन्याही अरुंद होतात, त्यामुळे प्लास्टर घालण्यापूर्वी पावलाचा रक्तपुरवठा तपासणे अनिवार्य असते. कुष्ठसेवेतील पाय पाण्यात भिजवण्याची सवय मधुमेहींना सरसकट सांगितली जात नाही. दीर्घकाळ भिजल्याने त्यांची त्वचा फुगून संसर्गाचा धोका वाढतो. परंतु पाऊल रोज पाहावे, चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, घरातही अनवाणी चालू नये, गरम पाणी कोपराने पारखावे आणि न दुखणारी जखम ही दुखणाऱ्या जखमेपेक्षा गंभीर मानावी, हे पाच धडे दोन्ही रोगांना समान आहेत. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) पायांची बधिरता प्राचीन काळापासून ज्ञात असली, तरी तिच्यावरील परिणामकारक उपचारांची दिशा विसाव्या शतकाच्या मध्यास कुष्ठरुग्णांच्या निरीक्षणातून सापडली. (२) या प्रक्रियेत वडाळा, दत्तपूर, तपोवन, आनंदवन, वर्धा, कोंढवा व मुंबई येथील कार्याने महाराष्ट्राने सेवा, संशोधन व शल्यचिकित्सा अशा तिन्ही अंगांनी भर घातली. (३) जंतुनाशक वा वेदनाशामक औषधे संवेदना परत आणत नाहीत. म्हणून नसेची हानी लवकर ओळखणे आणि बधिर पावलाचे आयुष्यभर रक्षण करणे, हाच उपचारांचा गाभा आहे. (४) कुष्ठसेवेतील पादतपासणी व पादत्राणांचे कौशल्य मधुमेहसेवेशी जोडले गेल्यास दोन्ही गटांतील रुग्णांचा लाभ होईल आणि वेगळ्या चपलेचा कलंकही ओसरेल.

कात्रपच्या परिसरात नवी रुग्णालये, तपासणी केंद्रे व औषधालये उभी राहत आहेत. तेथे मधुमेहासाठी येणाऱ्या व्यक्तीच्या रक्ताबरोबर तिचे तळवेही तपासले गेले, तर ॲकवर्थच्या आश्रयगृहापासून सुरू झालेल्या या दीर्घ प्रवासाचे फळ तिच्या पदरात पडेल. ज्या रुग्णांच्या झिजलेल्या बोटांनी हे ज्ञान दिले, त्यांच्या ऋणाची ती यथोचित जाणीव ठरेल.